मस्तगडच्या बोळांतील बेवारस पिल्ले : उचलण्याआधी आणि उचलल्यानंतर

जालना, (प्रतिनिधी) : भाद्रपद सरल्यानंतर दोन महिन्यांनी गल्लोगल्लीच्या कुत्र्या वितात. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा. त्यामुळे कार्तिक-मार्गशीर्षात, नेमकी थंडी पडू लागते त्याच सुमारास, पडक्या भिंतींच्या आडोशाला, नालीच्या कडेला, बंद दुकानाच्या पायरीखाली चार-चार, सहा-सहा पिल्लांचे लचके दिसू लागतात. पुढच्या दोन महिन्यांत यातली बहुतेक नाहीशी होतात. ती कोठे गेली, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

जालना शहरात कुंडलिकेच्या सान्निध्यात वसलेला मस्तगड हा अशा वस्त्यांचा नमुनाच म्हणावा लागेल. अठराव्या शतकात निजामुल्मुल्क असफजहाच्या काळी येथे गढी उभी राहिली आणि पुढे याच गढीत नगरपालिकेची कचेरी थाटली गेली. जुन्या वस्तीचे अरुंद बोळ, पडझड झालेली बांधकामे, उघड्या नाल्या आणि हातगाड्यांमागे साचणारे खरकटे हे सारे कुत्रीला विण्यासाठी सोयीचे असते, तितकेच ते तिच्या पिल्लांना घातकही असते. आडोसा आहे म्हणून ती तेथे येते आणि वाहनांच्या चाकांपासून तो आडोसा अवघ्या दोन हातांवर असतो. २०२३ मध्ये जालन्याची नगरपालिका जाऊन महानगरपालिका आली. भटक्या कुत्र्यांचा प्रश्न मात्र गावाने शहराच्या पदरात जसा टाकला, तसाच आहे.

पिल्ले मरतात ती निसर्गनियमाने, असा एक समज आहे. तो पुरता खरा नाही. पश्चिम बंगालमधील विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील डॉ. अनिंदिता भद्रा यांच्या गटाने रस्त्यावरच्या कुत्र्यांची पाच वर्षे नोंद ठेवली होती. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९५ विणींतील ३६४ पिल्लांपैकी अवघी १९ टक्के पिल्ले वयात येईपर्यंत जगली आणि झालेल्या मृत्यूंपैकी ६३ टक्के मृत्यूंमागे या ना त्या प्रकारे माणसाचा हात होता. वाहनाखाली येणे, विष घालणे, मारहाण, उचलून नेणे अशी ही कारणे. यातील 'उचलून नेणे' हा प्रकार विशेष विचार करण्याजोगा आहे, कारण तो बहुधा दयेपोटीच घडतो.

आई आहे का, हे आधी पाहावे

एकटे कण्हणारे पिल्लू दिसले की ते उचलून घरी आणावे, ही सहज प्रवृत्ती असते. परंतु पिल्लू एकटे दिसणे म्हणजे ते पोरके असणे नव्हे. पाजणाऱ्या कुत्रीला स्वतःच्या पोटासाठी दिवसातून अनेकदा बाहेर पडावेच लागते आणि माणसे घोळका करून उभी राहिली तर ती परत येत नाही, लांबूनच पाहत राहते. म्हणून पिल्लांपासून दूर, दिसेल-न दिसेल अशा जागी थांबून काही तास पाहणे ही बचावाची पहिली पायरी होय. पोट भरलेली, एकमेकांना बिलगून झोपलेली पिल्ले आईची आहेत असे समजावे. सतत केकाटणारी, विखुरलेली, पोट खपाटीला गेलेली आणि अंगाला गार लागणारी पिल्ले मात्र संकटात आहेत.

आई परतत असेल तर पिल्लांपेक्षा तिलाच मदत करणे अधिक शहाणपणाचे. तिला रोज पोटभर अन्न आणि स्वच्छ पाणी मिळाले, गोणपाट टाकलेले एखादे खोके पावसा-वाऱ्यापासून आडोशाला ठेवले, तर बाकीचे काम ती कोणाही माणसापेक्षा चांगले करते. पहिल्या काही दिवसांतील चिकातून पिल्लांना मिळणारी रोगप्रतिकारशक्ती बाजारात कोठेच विकत मिळत नाही. पिल्ले रस्त्याच्या अगदी कडेला असतील तर आईच्या डोळ्यांदेखत, तिला मागे येऊ देत, थोड्या अंतरावरच्या सुरक्षित जागी हलवावीत. नजरेआड नेल्यास ती शोधत फिरते आणि मागे राहिलेली पिल्ले उपाशी राहतात.

मोकाट कुत्र्यांना कंटाळलेली माणसे आणखी एक उपाय करतात. पिल्ले पोत्यात घालून वेशीबाहेर, माळावर किंवा मोंढ्याच्या मागे सोडून देणे. त्यात मादी पिल्लांची संख्या अधिक असते. राखणीला नर हवा असतो आणि मादी म्हणजे पुढच्या वर्षीची कटकट. दूध न सुटलेल्या पिल्लाच्या बाबतीत हे सोडून देणे म्हणजे सावकाश मारणेच आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार, उपाशी वा तहानलेले राहून हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा गुन्हा ठरतो. पहिल्या गुन्ह्यासाठी दंड किती? किमान १० आणि कमाल ५० रुपये. साठीच्या दशकातला हा आकडा आजच्या चहा-नाश्त्याच्या बिलाइतकाही नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३२५ मात्र पुरेसे कडक आहे. प्राण्याला ठार मारणे, विष घालणे वा निकामी करणे यासाठी त्यात पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे.

आधी ऊब, मग दूध

आई नाही अशी खात्री झाली, तर पुढचे काही तास निर्णायक असतात. पहिले दोन-तीन आठवडे पिल्लाला स्वतःच्या शरीराची उष्णता टिकवता येत नाही. म्हणून पहिली गरज दुधाची नव्हे, उबेची असते. येथेच सर्वाधिक चुका होतात. गारठलेल्या पिल्लाच्या तोंडात घाईने दूध ओतले जाते. थंड पडलेल्या शरीराची आतडी काम करीत नाहीत, दूध पचत नाही आणि पिल्लू अधिकच मलूल होते. फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली कुशीला ठेवून, किंवा अंगाशी धरून, अर्ध्या-एक तासात हळूहळू ऊब द्यावी. बाटली उघडी ठेवू नये, कातडी भाजते. खोक्याच्या एका बाजूलाच ऊब असावी, म्हणजे नकोसे झाल्यास पिल्लाला दुसरीकडे सरकता येते. अगदीच गळून गेले असेल तर ऊब आल्यावर ग्लुकोजच्या पाण्याचे एक-दोन थेंब हिरड्यांना चोळल्याने तेवढा वेळ निभावतो.

वय ओळखणे अवघड नाही. डोळे मिटलेले असल्यास पिल्लू दोन आठवड्यांच्या आतले. साधारण १० ते १४ दिवसांत डोळे उघडतात, त्यानंतर कान मोकळे होतात. तिसऱ्या आठवड्यात दुधाचे दात दिसू लागतात आणि चौथ्या आठवड्यात ते लडबडत का होईना धावते.

आता दुधाविषयी. घरोघरी वाटीभर गायीचे दूध समोर ठेवण्याची पद्धत आहे आणि पिल्लांच्या हगवणीचे तेच एक मोठे कारण आहे. कुत्रीचे दूध गायीच्या दुधापेक्षा कितीतरी दाट असते. त्यात स्निग्धांश आणि प्रथिने सुमारे दुप्पट, तर दुग्धशर्करा कमी असते. गायीच्या दुधावर पिल्लाची भूक भागत नाही आणि जादा शर्करेने पोट मात्र बिघडते. पिल्लांसाठीची खास दूधभुकटी औषधांच्या दुकानांतून वा पशुवैद्यकांकडून मिळते, तीच वापरावी. ती मिळेपर्यंत शेळीचे दूध थोडे बरे. दूध कोमट असावे. पहिला आठवडा दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा पाजावे लागते आणि पुढे हे अंतर वाढवत न्यावे.

पाजताना पिल्लू पालथे, पोटावर असावे, जसे ते आईला पिते तसे. तान्ह्या मुलाप्रमाणे उताणे धरून पाजल्यास दूध श्वासनलिकेत उतरते, न्यूमोनिया होतो आणि दोन दिवसांत जीव जातो. पिचकारीने जोर देऊन दूध ढकलू नये. त्याला ओढू द्यावे. पोट गोल दिसावे, टणक होऊ नये.

आणखी एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. पहिले दोन-तीन आठवडे पिल्लाला आपण होऊन शी-शू करता येत नाही. आई चाटते तेव्हाच ते होते. आईविना वाढणाऱ्या पिल्लाला प्रत्येक पाजणीनंतर कोमट पाण्यात भिजविलेल्या कापसाने शेपटीखाली हळुवार पुसावे लागते. एवढे न केल्याने, भरपूर दूध पाजूनही पिल्लू पोट फुगून दगावल्याच्या हकिकती पशुवैद्यकांना नव्या नाहीत. रोज एकाच वेळी वजन करणेही उपयोगाचे. स्वयंपाकघरातला साधा काटा पुरतो. निरोगी पिल्लाचे जन्मवजन आठ-दहा दिवसांत दुप्पट होते. एक दिवस वजन घटले तर ती धोक्याची पहिली खूण समजावी.

चौथ्या आठवड्यापासून मऊ भात, उकडलेले अंडे, कोंबडीच्या अळणी पाण्यात कुस्करलेली भाकरी असे खाणे थोडे थोडे सुरू करता येते. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी असतात. रस्सा-भाकरी घालताना कांद्याचा विसर पडतो, म्हणून हे मुद्दाम सांगावे लागते.

जंत, गोचीड आणि जळके तेल

रस्त्यावरच्या पिल्लाचे नगाऱ्यासारखे पोट हे खाऊन-पिऊन सुखी असल्याचे लक्षण नव्हे. बहुधा ते जंतांचे असते. गोलकृमी आईच्या गर्भातूनच पिल्लात येतात, अंकुशकृमी दुधावाटे येतात आणि रक्त पितात. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून दर १५ दिवसांनी, दोन-तीन महिन्यांचे होईपर्यंत, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वजनानुसार जंताचे औषध द्यावे लागते. याच कृमींची अंडी मातीत पडून लहान मुलांच्या पोटात जाऊ शकतात. पिल्लांशी खेळून आलेल्या मुलांचे हात साबणाने धुणे हा सोवळ्या-ओवळ्याचा भाग नाही.

गोचीड आणि पिसवा यांनी इवल्याशा जिवाचे रक्त इतके शोषले जाते की हिरड्या पांढऱ्याफटक पडतात. मोठ्या कुत्र्यासाठीची गोचीडनाशके पिल्लाला परस्पर लावू नयेत. डोळे न उघडलेल्या पिल्लांसाठी चिमटा आणि बारीक कंगवा हाच उपाय. रॉकेल, फिनाईल, गाडीचे जळके तेल, चुना, तंबाखू हे खरजेवर आणि जखमेवर चालणारे गावठी उपचार मराठवाड्यात आजही होतात. पिल्लू अंग चाटते, तेल पोटात जाते, कातडी भाजते. खरूज बरी होण्याआधी पिल्लू जाते. घरातली माणसांची वेदनाशामक गोळीही देऊ नये. माणसाला चालणारी आयबुप्रोफेन वा पॅरासिटॅमॉल इवल्या कुत्र्याच्या पोटाला, मूत्रपिंडाला आणि यकृताला झेपत नाही.

पावसाळ्यात जखमेत अळ्या पडणे हा नेहमीचा प्रकार. कानामागे वा मानेवर लहानसे छिद्र दिसते, आत मात्र मोठी पोकळी असते. याच मानेशी संबंधित एक क्रूर बाब म्हणजे सुतळी. मुले हौसेने पिल्लाच्या गळ्यात सुतळी वा वायर बांधतात, आठ दिवसांनी हौस फिटते, पिल्लू रस्त्यावर येते. मान वाढत जाते, सुतळी वाढत नाही. ती कातडीत, मग मांसात रुतते. अशी सुतळी दिसली तर ओढून काढू नये, दवाखान्यातच कापून घ्यावी.

लशीचा हिशेब

पार्व्हो हा पिल्लांचा काळ आहे. रक्तमिश्रित दुर्गंधीयुक्त हगवण आणि सततची ओकारी सुरू झाली की उपचाराविना दोन-तीन दिवसांत पिल्लू संपते. हा विषाणू जमिनीवर, टोपल्यात, गोणपाटात कित्येक महिने टिकतो. एक पिल्लू गेलेल्या जागी लगेच दुसरे आणून ठेवू नये, असे सांगितले जाते ते त्यामुळेच. वापरलेले फडके जाळावे, फरशी ब्लीचच्या पाण्याने धुवावी. साधे साबणपाणी यापुढे लटके पडते. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पार्व्हो व डिस्टेंपरची पहिली लस आणि पुढे तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, १६ आठवड्यांचे होईपर्यंत, पुन्हा लस असा क्रम आहे. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयात. त्याचा वर्षाने पुनरुच्चार.

रेबीजच्या बाबतीत सर्वांत घातक वाक्य म्हणजे, 'पिल्लूच तर चावले!' पिल्लालाही रेबीज होतो. पिसाळलेल्या कुत्र्याने चावा घेतलेले पिल्लू काही काळ पूर्णपणे धडधाकट दिसू शकते. दाताचा ओरखडा, नखाचा ओरबाडा, जखमेवर लाळ यांतील काहीही झाले तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे जखम धुवावी. त्यावर हळद, तिखट, चुना काही भरू नये, आणि त्याच दिवशी शासकीय रुग्णालय गाठावे. शासकीय रुग्णालयांत दंडाच्या कातडीत दिल्या जाणाऱ्या लशीचे दिवस शून्य, तीन, सात आणि २८ असे आहेत. रक्त आलेल्या जखमेला त्याशिवाय प्रतिद्रव्याचे इंजेक्शन लागते. एकदा लक्षणे दिसल्यावर हा रोग बरा होत नाही. रोज पिल्ले हाताळणाऱ्या कार्यकर्त्यांनी चावण्याची वाट न पाहता आधीच लस टोचून घेतलेली असावी.

लवूळची वानरे

मराठवाड्यातील पिल्लांची बातमी साऱ्या जगाने वाचली ती डिसेंबर २०२१ मध्ये. जालन्याच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगाव तालुक्यातील लवूळ येथे वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर आणि घरांच्या छतांवर नेत होती. तेथे ती पिल्ले उपासमारीने वा खाली पडून मरत. वानराचे पिल्लू कुत्र्यांनी मारले म्हणून वानरांनी सूड घेतला, ही कथा समाजमाध्यमांनी डोक्यावर घेतली आणि अडीचशे पिल्ले मारल्याचा आकडा देशोदेशी फिरला. एका खेड्यात एवढी पिल्ले आली कोठून, असा साधा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. १९ डिसेंबर रोजी वन विभागाने, नागपूरहून आलेल्या पथकाच्या साह्याने, दोन वानरे पकडून हलविली.

सुडाची कथा वन्यजीव अभ्यासकांना पटलेली नाही. दुसऱ्याचे पिल्लू उचलून कवटाळणे हे वानरांच्या स्वभावात आहे. कुत्र्याचे पिल्लू मात्र माकडाच्या पिल्लासारखे पोटाला चिकटून राहू शकत नाही, त्याला दूधही मिळत नाही. कवटाळणेच त्याच्या जिवावर येते. लवूळकरांनी छतांवर, झाडांवर चढून काही पिल्ले उतरवली आणि त्या खटाटोपात पडून जखमी झाल्याचे वृत्तही तेव्हा आले होते. त्या गावाची जगभर थट्टा झाली. जिवावर उदार होऊन पिल्ले उतरवणाऱ्यांची दखल मात्र कोणी घेतली नाही.

याउलट उदाहरणही फार दूरचे नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये जालन्याला लागूनच असलेल्या बुलडाणा जिल्ह्यात गिरडा-सावळदबारा रस्त्यालगतच्या जंगलात तोंडे आणि पाय बांधून टाकलेली कुत्री सापडली. त्यांतील सुमारे ९० मेलेली होती. भटकी कुत्री 'हलविण्याचा' हा सर्वांत स्वस्त मार्ग.

हॉस्पिटल आणि कोर्ट

महाराष्ट्रात या प्रश्नाला दोनशे वर्षांचा इतिहास आहे. जून १८३२ मध्ये मुंबईत सरकारने कुत्र्यामागे बक्षीस लावून हत्या चालविली, तेव्हा पारशी समाजाने बंद पुकारला आणि दंगल उसळली. १८८३ मध्ये परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालय स्थापन झाले, ते आजही चालू आहे. मुंबई महापालिकेने १९९४ मध्ये कुत्री मारणे थांबवून निर्बीजीकरणाचा मार्ग धरला. केंद्राने २००१ मध्ये त्यासाठी देशभर नियम केले आणि १० मार्च २०२३ रोजी ते नव्याने लागू केले. पकडणे, निर्बीजीकरण, रेबीजची लस आणि त्याच जागी परत सोडणे हा त्यांचा गाभा. कुत्र्यांना खाऊ घालण्याच्या जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून व दारा-जिन्यापासून दूर ठरवाव्यात, असेही त्यात आहे.

११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय पीठाने दिल्ली परिसरातील सर्व भटकी कुत्री निवाऱ्यांत नेण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला त्रिसदस्यीय पीठाने तो बदलला. रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्री वगळता बाकीची लस टोचून मूळ जागी सोडावीत, असे ठरले. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा आवारांतील कुत्री मात्र परत तेथे सोडू नयेत, असे सांगितले. निवारे बांधा म्हणणे सोपे. पुण्या-मुंबईत संस्था आहेत, २००७ मध्ये पुण्यात नेहा पंचमिया यांनी उभी केलेली 'रेस्क्यू' आहे, गोव्यात रेबीजविरुद्धची मोठी मोहीम झाली. मराठवाड्यातल्या शहरांत मात्र शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्याचा आधार प्रामुख्याने गायी-म्हशींसाठी आहे. १९६२ या टोल-फ्री क्रमांकावरची फिरती पशुवैद्यकीय सेवाही मुख्यतः पशुधनासाठीच चालते. गुंतागुंतीच्या आजारासाठी परभणी वा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा रस्ता धरावा लागतो, आणि दीड महिन्याच्या पार्व्हो झालेल्या पिल्लाजवळ तेवढा वेळ सहसा नसतो.

घर देताना

जगलेले पिल्लू आठ आठवड्यांपूर्वी भावंडांपासून वेगळे करू नये. चावण्याचा जोर किती असावा, हे ते भावंडांशी झोंबतानाच शिकते. दत्तक मागणाऱ्याचे घर पाहावे, घरातल्या सर्वांची संमती विचारावी, परगावी जाताना त्याचे काय, हे आधीच ठरवून घ्यावे. कोणी 'राखणीला नरच हवा' म्हणाला तर पुढची चौकशी अधिक कसून करावी. देशी कुत्रा आपल्या हवेला सरावलेला असतो, चाळिशीपार उन्हात केसाळ परदेशी जातींची जी दैना होते ती त्याची होत नाही, आणि खाण्यापिण्याचे लाडही फारसे लागत नाहीत. फुकट मिळतो, एवढाच काय तो त्याचा दोष.

राहिली ती आई. पिल्लांना घरे मिळाली आणि कुत्री तशीच राहिली, तर पुढच्या भाद्रपदानंतर त्याच पायरीखाली पुन्हा पाच-सहा पिल्ले असतात. म्हणून पिल्लांचे दूध सुटले की तिला, चार दिवस नेहमीच्या माणसाच्या हातचे खाऊ घालून, विश्वासात घेऊन शस्त्रक्रियेसाठी न्यावे. शस्त्रक्रियेनंतर टाके भरेपर्यंत तिला कोरड्या जागी ठेवून मग मूळ गल्लीतच सोडतात. अशा कुत्रीच्या एका कानाला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडलेली असते, म्हणजे तिला पुन्हा पकडण्याची गरज नाही, हे लांबूनही ओळखता येते.